आयडलला शांत, बूस्टमध्ये उपाशी: जुन्या सुपरचार्ज्ड गाडीचं पेट्रोल नेमकं कुठे अडतं?

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही किंवा ज्यांनी हेडफोन घरी विसरलाय, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोलताना आकडे पटापट निघून जातात, म्हणून इथे ते जरा सावकाश मांडलेत.

गेले काही आठवडे तुमच्या मेसेजमध्ये एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत येतेय. गाडी सिग्नलला एकदम शांत उभी असते, गावात मस्त चालते, पण हायवेला पाय दाबला की पिकअपच नाही. चेक इंजिनचा दिवा लागत नाही. मेकॅनिक म्हणतो पेट्रोल पोचत नाहीये, पंप बदला. मग बदलायचा का?

उत्तर आहे: आधी मोजा. पण काय मोजायचं आणि कधी मोजायचं, यातच सगळी गंमत आहे. ते समजायला मी आज एक खरी गाडी घेतोय. मी मिशिगनमध्ये राहतो. माझ्या रूममेटने, हा गडी मूळचा नागपूरचा, शिकत असताना २००२ सालची पॉन्टिॲक ग्रँड प्री जीटीपी स्वस्तात घेतली. बावीसेक वर्षांची गाडी, १ लाख ४० हजार मैल झालेली. हायवेच्या रॅम्पवर, जिथे मागून ट्रक येत असतो आणि आपल्याला काही सेकंदांत त्याच्या वेगाला पोचायचं असतं, तिथे गाडीने श्वास सोडायला सुरुवात केली. एका गॅरेजने ९०० डॉलरचा अंदाज दिला, पंपासकट. विद्यार्थ्यासाठी ते एका महिन्याचं भाडं. "टाकू का बे पैसे?" असं त्याने विचारलं, आणि आम्ही दोघं एक शनिवार-रविवार बॉनेट उघडून बसलो.

आधी गाडी समजून घेऊ

या गाडीत जनरल मोटर्सचं ३.८ लिटरचं व्ही-६ इंजिन आहे. लोक त्याला नुसतं '३८००' म्हणतात, आणि सुपरचार्जरवाल्या रूपाला एल६७. ताकद २४० हॉर्सपॉवर. या इंजिनाची वंशावळ थेट १९६० च्या दशकाच्या सुरुवातीच्या ब्युक व्ही-६ पर्यंत जाते. मधल्या काळात जीएमने त्याचे हक्क आणि यंत्रसामग्री १९६७ मध्ये कायझर-जीपला विकून टाकली आणि १९७४ मध्ये परत विकत घेतली. आपण डिलीट केलेला रेपो सात वर्षांनी पैसे देऊन परत आणावा, तसा प्रकार. पॉन्टिॲक हा ब्रँड २०१० मध्ये बंद पडला, पण हे इंजिन अजून अमेरिकेच्या रस्त्यांवर भरपूर दिसतं.

सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा हवेचा पंप. इथे ईटनचा एम९० आहे. नावातला ९० म्हणजे दर फेऱ्याला ९० घन इंच, साधारण दीड लिटर हवा तो पुढे ढकलतो. टर्बो एक्झॉस्टच्या धुरावर फिरतो, हा थेट क्रँकवर. म्हणून याला 'लॅग' जवळजवळ नसतो.

आता महत्त्वाची गोष्ट. तुम्ही आरामात गाडी चालवत असता तेव्हा एक बायपास झडप उघडी असते आणि सुपरचार्जरची हवा गोल फिरून परत आत येते. इंजिनाला ती दाबून मिळतच नाही. म्हणजे गावात फिरताना हे इंजिन एखाद्या साध्या ३.८ लिटर इंजिनासारखंच वागतं. पाय दाबला की झडप बंद होते, आणि मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा साधारण ८ पीएसआय जास्त दाब तयार होतो. याला बूस्ट म्हणायचं. (टायरमध्ये आपण ३२ पीएसआय भरतो, त्यावरून अंदाज घ्या.)

जास्त हवा आली की त्याच प्रमाणात जास्त पेट्रोल लागतं. किती जास्त? आमच्या लॉगमध्ये आयडलला इंजिन सेकंदाला ५ ते ६ ग्रॅम हवा घेत होतं, आणि पूर्ण पाय दाबल्यावर १८० च्या आसपास. हिशोब केला तर आयडलला ताशी दोनेक लिटर पेट्रोल, आणि पूर्ण दाबावर ७५ ते ८० लिटरच्या वेगाने. चाळीस पट! अर्थात कोणी तासभर पाय दाबून ठेवत नाही, पण त्या दहा सेकंदांत पंपाला तो वेग द्यावाच लागतो.

म्हणून "आयडलला प्रेशर बरोबर आहे, म्हणजे पंप चांगला आहे" हे वाक्य मला फार खटकतं. सकाळी सात वाजता सोसायटीतल्या सगळ्या फ्लॅटमध्ये नळ उघडतात तेव्हा पाण्याला धार आहे का, हे तुम्ही रात्री दोन वाजता एकच नळ उघडून कसं सांगणार? आपल्या धंद्यात याला 'लोकलवर चालतं, प्रॉडक्शनला पडतं' म्हणतात. बग लोडखालीच दिसतो, तर टेस्टही लोडखालीच करायची.

प्रेशर कसं ठरतं

टाकीतला पंप पेट्रोल पुढे ढकलतो. ते फिल्टरमधून इंजिनावरच्या रेलमध्ये येतं. रेलला सहा इंजेक्टर लटकलेले. रेलच्या टोकाला रेग्युलेटर, आणि तिथून उरलेलं पेट्रोल परत टाकीत. पंप नेहमी गरजेपेक्षा जास्तच देतो. जास्तीचं परत जातं म्हणून प्रेशर स्थिर राहतं. गच्चीवरच्या टाकीला ओव्हरफ्लोचा पाइप असतो ना, तसंच. ओव्हरफ्लोमधून पाणी वाहतंय तोवर टाकीची पातळी हलत नाही. ज्या क्षणी वापर मोटरच्या पुरवठ्यापेक्षा जास्त होतो, ओव्हरफ्लो थांबतो आणि पातळी घसरायला लागते.

इथे रेग्युलेटर एक हुशारी करतो. त्याला एक बारीक रबरी नळी मॅनिफोल्डकडून आलेली असते. मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्युम असेल तर तो रेलचं प्रेशर तेवढंच कमी ठेवतो, बूस्ट असेल तर तेवढंच वाढवतो. कारण इंजेक्टरमधून किती पेट्रोल पडतं हे रेल आणि मॅनिफोल्ड यांच्या दाबातल्या फरकावर ठरतं, आणि तो फरक कायम सारखा राहिला तर कॉम्प्युटरचा हिशोब सोपा होतो.

या इंजिनाचा ठरलेला आकडा: चावी ऑन, इंजिन बंद असताना ४८ ते ५५ पीएसआय. आमच्या गाडीत ५१ आला. आयडलला ४२, कारण व्हॅक्युमने तो ९ ने खाली ओढला. मग बूस्टमध्ये किती यायला हवा? ५१ अधिक ८, म्हणजे ५९ च्या आसपास. हा एक आकडा डोक्यात ठेवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

लॉग काय म्हणाला, आणि काय लपवलं

अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या कारला ओबीडी-२ सक्तीचं आहे, त्यामुळे या गाडीलाही तो पोर्ट आहे. एक स्वस्तातला ब्लूटूथ अडॅप्टर आणि फोनवरचं ॲप एवढं पुरतं. फक्त त्या काळच्या जीएम गाड्यांचा डेटा सेकंदाला १०.४ किलोबिट एवढ्या रडतखडत वेगाने येतो. एकदम वीस गोष्टी लॉग करायला गेलात तर प्रत्येकीचा एखादाच आकडा हाती लागेल. आम्ही पाचच घेतल्या: आरपीएम, हवेचा प्रवाह, मॅनिफोल्डचा दाब, फ्युएल ट्रिम आणि ऑक्सिजन सेन्सर.

फ्युएल ट्रिम म्हणजे कॉम्प्युटरने स्वतःच्या अंदाजात केलेली दुरुस्ती. प्लस आला तर 'मला ठरल्यापेक्षा जास्त पेट्रोल टाकावं लागतंय'. आयडलला खूप प्लस आणि आरपीएम वाढल्यावर कमी, तर बहुतेक कुठून तरी चोरून हवा आत येतेय. सगळीकडे प्लस असेल तर हवेचा सेन्सर मळलेला असू शकतो, तो हवा कमी सांगतो आणि पेट्रोलही कमी पडतं. आमच्या गाडीत सगळीकडे प्लस ३-४ होता, आणि तेवढं चालतंच. अमेरिकेतल्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉलला त्याच हवेसाठी जास्त इंधन लागतं. भारतातल्या मित्रांनो, तुमच्याकडे आता ई२० आहे. जुन्या गाडीत ट्रिम सात-आठ टक्के प्लस दिसला तर लगेच पंपावर संशय घेऊ नका, आधी इथेनॉलचा हिस्सा वजा करा.

तर ट्रिम ठीक. म्हणजे हवेचा सेन्सर बराचसा सुटला. मग पूर्ण पाय दाबल्यावर? तिथे खरी मेख आहे. पूर्ण थ्रॉटलला कॉम्प्युटर ऑक्सिजन सेन्सरचं ऐकणं थांबवतो आणि ठरलेल्या तक्त्यानुसार मुद्दाम जास्त पेट्रोल टाकतो. हवा-पेट्रोलचं प्रमाण साध्या चालण्यात १४ च्या थोडं वर असतं, ते साडेअकराच्या आसपास आणतो. जास्तीचं पेट्रोल सिलिंडर थंड ठेवतं. पण या वेळी तो ट्रिम शिकत नाही, आणि 'मिश्रण लीन आहे' असा कोडही सहसा टाकत नाही. म्हणून दिवा लागत नाही. दिवा नाही म्हणजे आजार नाही, असं इथे धरता येत नाही.

ऑक्सिजन सेन्सरचा आकडा पाय दाबल्यावर आधी ०.९२ व्होल्ट आणि ४५०० आरपीएमच्या पुढे ०.८५ झाला. कोणीही म्हणेल, दोन्ही 'रिच'च आहेत की! बरोबर. पण हा जुन्या पद्धतीचा नॅरोबँड सेन्सर. १४ च्या अलीकडे की पलीकडे एवढंच तो खात्रीने सांगतो. साडेअकरा आणि सव्वातेरा यांतला फरक त्याला नीट दिसत नाही, आणि बूस्टमध्ये इंजिनाचं आयुष्य नेमकं त्याच फरकावर अवलंबून असतं.

ज्याला तो फरक कळला तो होता नॉक सेन्सर. मिश्रण वेळेआधी भडकायला लागलं की सिलिंडरमध्ये खडखड होते. कॉम्प्युटर ती ऐकतो आणि स्पार्क उशिरा द्यायला लागतो. याचा आकडा साध्या ओबीडीत मिळत नाही, जीएमचे खास पीआयडी वाचणारं ॲप लागतं. ते टाकल्यावर दिसलं की कॉम्प्युटर ७ अंशांपर्यंत स्पार्क मागे घेतोय. रूममेटला जो 'पिकअप गेला' असं वाटत होतं, ते खरं तर कॉम्प्युटर इंजिनाला वाचवत होता. तो वाचवू शकला नाही तर पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटतात, आणि मग ९०० डॉलर ही स्वस्त गोष्ट वाटायला लागते. म्हणून आमच्यात ठरलं की कारण सापडेपर्यंत गाडी बूस्टमध्ये न्यायची नाही, फक्त टेस्टपुरती, तीही काही सेकंद.

एक उपकथा, पण गरजेची. ऑक्सिजन सेन्सर ऑक्सिजन मोजतो, पेट्रोल मोजत नाही. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडलीच नाही तर तिथली सगळी हवा न जळता बाहेर येते आणि सेन्सर ओरडतो 'लीन!'. बूस्टमध्ये दाबलेल्या हवेतून ठिणगी पडायला जास्त जोर लागतो, त्यामुळे झिजलेले स्पार्क प्लग आणि चिरलेल्या वायरी हुबेहूब पेट्रोलच्या तक्रारीची नक्कल करतात. फरक हातापायाला कळतो: ठिणगी चुकली तर गाडी झटके मारते, 'मिसिंग' करते. पेट्रोल कमी पडलं तर ती सपाट होते, कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी. आमची सपाट होत होती. तरी प्लग काढून पाहिले. ठीक होते.

गेज लावायचा, आणि तो गाडीबाहेर ठेवायचा

या इंजिनाच्या रेलवर टायरच्या व्हॉल्व्हसारखा एक टेस्ट पोर्ट असतो. त्याला फ्युएल प्रेशर गेज लागतो. अमेरिकेत मोठ्या ऑटो पार्ट्सच्या दुकानांतून असा गेज डिपॉझिट ठेवून वापरायला मिळतो, परत केला की पैसे परत.

इथे मी जरा गंभीर होतो. ५० पीएसआयने उडालेलं पेट्रोल गरम एक्झॉस्टवर पडलं तर काय होईल हे सांगायला नको. इंजिन थंड असताना जोडा. जोडताना भोवती चिंधी धरा. सिगरेट नाही, ठिणगी नाही, बाजूला आग विझवायचा सिलिंडर. आणि रस्त्यावर टेस्ट करताना गेज केबिनमध्ये आणायचा नाही. लांब नळी बॉनेटच्या मागच्या फटीतून बाहेर काढा, गेज काचेच्या बाहेरच्या बाजूला वायपरखाली घट्ट चिकटवा. एकाने चालवायचं, दुसऱ्याने आकडा वाचायचा.

रस्त्यावर जाण्याआधी उभ्या गाडीत दोन मिनिटांची एक टेस्ट होते. आयडलला रेग्युलेटरची ती रबरी नळी काढा. प्रेशर ४२ वरून ५१ वर उडी मारायला हवं. मारली, म्हणजे रेग्युलेटर काम करतोय. मग त्या नळीचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा आत ओल दिसली तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय आणि पेट्रोल थेट मॅनिफोल्डमध्ये ओढलं जातंय. तसं असेल तर गाडी तिथेच बंद करा, तो आगीचा धोका आहे. नळी चिरलेली असेल तर वेगळाच खेळ: आयडलला थोडासाच फरक, पण बूस्टमध्ये रेग्युलेटरला बूस्टची खबरच पोचत नाही. रेल ५१ वरच राहते, समोरून ८ चा दाब येतो, फरक उरतो ४३. इंजेक्टरचा प्रवाह या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, म्हणून पेट्रोल सुमारे ८ टक्क्यांनी घटतं. तीस-चाळीस सेंटीमीटरच्या रबराच्या तुकड्यापायी! आमची नळी धड होती.

मग रॅम्प. वेगमर्यादेच्या आत, दुसऱ्या गिअरमध्ये, पूर्ण पाय. मी काचेतून गेज बघतोय. ४२... ५५... ५७... आणि मग आरपीएम चढत गेला तसा काटा उलटा फिरला. ५२, ४९, ४६. यायला हवे होते ५९.

आता गणित करा. रेल ४६, बूस्ट ८, फरक ३८. हवा होता ५१. ३८ भागिले ५१ याचं वर्गमूळ ०.८६. पेट्रोल १४ टक्के कमी. साडेअकराचं प्रमाण सव्वातेराच्या वर गेलं. नॉक सेन्सर जे सांगत होता तेच. या क्षणी पहिल्यांदा आपण खात्रीने म्हणू शकतो की प्रश्न पेट्रोल पोचण्याचाच आहे.

पण पंपाचा आहे का? ते अजूनही माहीत नाही. गॅरेजने याच पायरीवर, किंबहुना याच्याही आधी, पंप लिहून दिला होता.

पंपाआधी वायर

प्रेशर चढून मग घसरतंय म्हणजे ओव्हरफ्लो थांबला, पुरवठा मागणीच्या खाली गेला. याची कारणं तीन: पंप थकला, फिल्टर तुंबला, किंवा पंपाला वीजच पुरेशी मिळत नाही.

सुपरचार्जरवाल्या या गाड्यांमध्ये पंपाला दोन वेग आहेत. साध्या चालण्यात वीज एका रेझिस्टरमधून जाते, पंप हळू फिरतो, आवाज आणि झीज कमी. पाय दाबला की एक रिले रेझिस्टरला वळसा घालून पूर्ण व्होल्टेज देतो. हा रिले अडकला तर पंप कायम हळूच फिरत राहतो, आणि लक्षणं अगदी खराब पंपासारखी. म्हणून पंपाच्या कनेक्टरवरचं व्होल्टेज चालत्या गाडीत बघायचं. आम्ही लांब वायरी जोडून मीटर पुढच्या सीटवर आणला (पेट्रोल बाहेर, वीज आत, हे चालतं). पाय दाबल्यावर प्लस बाजूला व्होल्टेज लगेच वर गेलं. रिले सुटला.

मग मी मीटर पंपाची काळी वायर आणि बॅटरीचं मायनस यांच्यामध्ये लावला. इथे जवळजवळ शून्य दिसायला हवं, फार तर एक-दोन दशांश व्होल्ट. आयडलला दिसला १.० व्होल्ट. बूस्टमध्ये १.७.

म्हणजे पंपाच्या वाट्याचे पावणेदोन व्होल्ट अर्थिंगच्या वायरीतच जळत होते. पंपाची मोटर ज्या व्होल्टेजवर फिरते तेच घटलं, आणि दाबाविरुद्ध पेट्रोल ढकलताना ते सगळ्यात जास्त जाणवतं, कारण मोटरची बरीचशी ताकद आधी तो दाब पेलण्यातच जाते. उरलेल्यातून प्रवाह.

इथे एक सापळा आहे, तो नीट बघा. मीटर ओहमवर ठेवून हीच वायर तपासली असती तर ती पास झाली असती. हिशोब बघा: १.७ व्होल्ट आणि साधारण ८ अँपिअर करंट, म्हणजे रेझिस्टन्स ०.२ ओहमच्या आसपास. स्वस्त मीटरच्या दोन टोकांना एकमेकांना टेकवलं तरी तो ०.२ दाखवतो! वर ओहम मोजताना मीटर वायरीतून अगदी क्षुल्लक करंट सोडतो. दहातले नऊ तारे कुजले असतील तरी उरलेला एक तारा त्याला पुरतो. आठ अँपिअर आले की मग त्या एका ताऱ्याची लायकी कळते. वायर तपासायची तर ती काम करत असताना, तिच्यावर पडणारं व्होल्टेज मोजून.

मागे खाली झोपून बघितलं तर अर्थिंगची रिंग जिथे बॉडीला बोल्टने बसते तिथे हिरवट-पांढरी पावडर. याला कंपनी जबाबदार नाही. मिशिगनमध्ये हिवाळाभर बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि बावीस हिवाळे मिठाचं पाणी खालून उडालं की तांबं असंच होतं. कोकणातल्या किनाऱ्यावर ज्यांच्या गाड्या आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

बॅटरी सोडली, कुजलेला भाग कापला, बॉडीचा पत्रा चकचकीत घासला, नवी रिंग क्रिंप केली, वर ग्रीस. सामान १२ डॉलर. परत रॅम्प. काट्याने ५५ धरला. बरंच बरं, पण ५९ नाही. गाडीखालचा फ्युएल फिल्टर कधी बदलला होता याची कुठे नोंद नव्हती, म्हणून तो बदलला. आधी रेलमधलं प्रेशर काढून, मग. २५ डॉलर. आता ५८. नॉकचा आकडा पूर्ण पायावर शून्य आणि एक यांच्यामध्ये.

जुना पंप अजूनही टाकीतच आहे.

ज्यांचा पंप खरंच गेलेला असतो त्यांच्याबाबतीत हा सगळा क्रम पाळल्यावर वेगळं चित्र दिसतं: पंपाच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज पूर्ण, फिल्टर नवा, रेग्युलेटर ठीक, आणि तरी प्रेशर पडतंय. मग बिनधास्त पंप बदला. पण तेव्हाही वायरीचं व्होल्टेज आधी मोजलेलं असू द्या, नाहीतर नवा पंपही त्याच कुजक्या अर्थिंगवर बसेल. तो काही दिवस बरा वाटेल, कारण नवा आहे.

दोन-तीन जणांनी विचारलं की भारतातल्या आजच्या टर्बो-पेट्रोल गाड्यांना हे लागू पडतं का. अर्धं पडतं. लोडखाली मोजणं, व्होल्टेज ड्रॉप, ट्रिम वाचणं, हे सगळं तसंच. पण बऱ्याच नव्या गाड्यांत रेलवर परतीची लाइनच नसते, रेग्युलेटर टाकीत असतो किंवा कॉम्प्युटर पंपाचा वेगच बदलतो. आणि डायरेक्ट इंजेक्शन असेल तर रेलमध्ये हजारांच्या घरात पीएसआय असतात. तिथे हा गेज घेऊन अजिबात जाऊ नका, ते प्रेशर कातडीतून आत घुसतं. तिथे फक्त स्कॅनरवरचा आकडा वाचायचा.

एक गोष्ट मात्र आमच्या गाडीत राहिलीच आहे. इंजिन बंद केल्यावर रेलमधलं प्रेशर टिकायला हवं, ते तासाभरात उतरतं. पंपातली उलट्या प्रवाहाला अडवणारी झडप थोडी गळत असावी, किंवा एखादा इंजेक्टर. त्यामुळे गाडी बराच वेळ उभी राहिल्यावर परत सुरू करताना स्टार्टर जरा जास्त वेळ फिरतो. ताकदीशी त्याचा संबंध नाही. रूममेटने उपाय काढलाय: चावी ऑन करायची, पंपाची दोन सेकंदांची गुणगुण ऐकायची, ऑफ, परत ऑन, मग स्टार्ट. पहिल्या झटक्यात सुरू होते. तो म्हणतो, "एवढं चालते बे." पुढच्या एपिसोडला झडप कुठली गळतेय ते रेलची नळी चिमट्याने दाबून कसं शोधायचं, ते बघू.